सोलापूर १९३० : न जुळणाऱ्या साक्षी

मे १९३०च्या सोलापूरविषयी काही गोष्टींवर कोणाचाही वाद नाही. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना कराडी येथे अटक झाली आणि त्या बातमीपाठोपाठ सोलापुरात हरताळ, मिरवणुका आणि सभा सुरू झाल्या. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहातून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. त्याच दिवशी मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर जमाव चालून गेला, शिपाई मारले गेले, न्यायालयाची इमारत पेटली. पुढचे काही दिवस शहरातून सरकारी अंमल उठल्यासारखा झाला आणि काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यांवरचा बंदोबस्त पाहू लागले. १२ मेच्या रात्री लष्करी कायदा लागू झाला, म्हणजे मुलकी अधिकाऱ्यांच्या हातातला कारभार सैन्याच्या हाती गेला, आणि तो ३० जूनपर्यंत टिकला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना पोलिसांच्या खुनाबद्दल दोषी ठरवून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या चार-पाच खुंट्यांच्या मध्ये जे काही ताणलेले आहे, म्हणजे पहिली गोळी कोणी आणि का झाडली, किती माणसे पडली, चौकीसमोर कोण होते, कोण काय ओरडले, त्या प्रत्येक बाबतीत साक्षी एकमेकींना छेद देतात.

अशा प्रसंगाला वांशिक हत्येच्या इतिहासात कोणती जागा द्यायची, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, कारण साक्षी कशा वाचायच्या हे त्यावरच ठरते. गोळीबाराचा हुकूम देणारी सत्ता गोऱ्यांची होती आणि गोळी लागलेले सगळे हिंदी होते, एवढ्यावर थांबले तर चित्र सोपे दिसते. पण चौकीत मारले गेलेले शिपाईही हिंदीच होते, बंदूक धरणारे बहुतेक हातही हिंदी होते, आणि सत्तेचा वंशभेद माणसाच्या कातडीपेक्षा कायद्याच्या रचनेत अधिक स्पष्ट दिसत होता. १८८३च्या इल्बर्ट विधेयकाच्या वेळी हिंदी न्यायाधीशाने गोऱ्या आरोपीचा खटला चालवावा की नाही यावरून जे वादळ उठले, त्यानंतर झालेल्या तडजोडीत गोऱ्या आरोपीला निम्मे सदस्य गोरे असलेले पंचमंडळ मागण्याचा हक्क मिळाला. त्याच्या आधी १८७६ साली आग्र्यात फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारले आणि तो मेला, तेव्हा वकिलाला ३० रुपये दंड झाला. मृताची प्लीहा आधीच वाढलेली होती आणि ती फुटून तो गेला, ही वैद्यकीय साक्ष या शिक्षेमागे होती. लॉर्ड लिटनसारख्या व्हाइसरॉयलाही हे प्रकरण इतके लाजिरवाणे वाटले की त्याने न्यायाधीशावर लेखी ताशेरे ओढले. वाढलेल्या प्लीहेची ही सबब पुढे इतक्या खटल्यांत आली की हिंदी वृत्तपत्रांनी ती चेष्टेचा विषय केली. साक्ष खोटी असण्याची गरज नसते, हे अशा खटल्यांतून दिसते. मलेरियाच्या मुलखात प्लीहा खरोखरच वाढलेली असू शकते, आणि तरीही तीच गोष्ट कोणाच्या बाजूने, कोणत्या वेळी आणि किती वजनाने मांडली जाते यावर न्याय वाकतो.

सोलापूरच्या बाबतीत इतिहासकाराच्या हाती पहिली आणि सगळ्यांत मोठी सामग्री येते ती सरकारी आणि न्यायालयीन कागदांची, आणि तिच्याबद्दल दोन टोकांच्या चुका नेहमी होतात. एक चूक म्हणजे न्यायालयात सिद्ध झाले ते घडले असे मानणे. दुसरी म्हणजे परक्या सरकारचे न्यायालय म्हणून सगळी नोंद फेकून देणे. दोन्ही चुका आळसातून होतात, कारण त्या जबानी ओळीओळीने वाचण्याचे कष्ट वाचवतात. त्या काळच्या जबान्या कागदावर कशा उतरत हे माहीत असल्याशिवाय त्या वाचताच येत नाहीत. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३५९ असे सांगत होते की साक्ष सहसा प्रश्नोत्तरांच्या रूपात न लिहिता सलग कथनाच्या रूपात लिहावी. वकिलाने तेरा प्रश्न विचारले आणि साक्षीदाराने तेरा वेळा ‘होय’, ‘नाही’, ‘दिसला नाही’ असे म्हटले, तरी कागदावर ‘मी अमुक ठिकाणी उभा होतो, अमुक माणूस मला दिसला नाही’ अशी एखाद्याने स्वतःहून सांगितल्यासारखी हकीगत तयार होते. प्रश्न गळून पडतात, त्यातला आग्रह गळतो, वकिलाने तोच मुद्दा चार वेळा फिरवून विचारल्यावर साक्षीदार कुठे अडखळला तेही गळते. म्हणून एखाद्या साक्षीदाराने एखादी गोष्ट ‘सांगितलीच नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ती त्याला कोणी विचारली होती का, हे शोधावे लागते.

सोलापुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. गिरण्या आणि हातमाग यांच्या या शहरात पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू, व्यापारी आणि शेतकरी लिंगायत घरांत कन्नड, मोमीन आणि इतर मुसलमान वस्त्यांत दखनी आणि बाजारात या सगळ्यांची मराठीशी मिसळण चालत असे. एकच माणूस सकाळी घरात एका भाषेत, दुपारी मागावर दुसऱ्या भाषेत आणि संध्याकाळी सभेत तिसऱ्या भाषेत बोलत असे. न्यायालयात मात्र त्याचे म्हणणे दुभाष्याच्या तोंडून जाई, न्यायाधीशाच्या टिपणात ते इंग्रजी होई, आणि वरच्या न्यायालयात अपील गेले की तिथले न्यायमूर्ती ते इंग्रजीच वाचत. जमावात कोणीतरी काय ओरडले हा खुनाच्या खटल्यात जीवनमरणाचा मुद्दा असतो, आणि नेमक्या याच ठिकाणी भाषा दगा देते. मराठीत ‘मारा’ हा एकच शब्द चापटीपासून जीव घेण्यापर्यंत सगळ्यासाठी पुरतो, आणि दखनीतला ‘मारो’ही तसाच आहे. कन्नडमध्ये मात्र ‘होडी’ म्हणजे हाण आणि ‘कोल्लु’ म्हणजे जीव घे, असे दोन निराळे शब्द आहेत. तेलुगूतही ‘कोट्टु’ आणि ‘चंपु’ हे तसेच वेगळे पडतात. आता जमावातला एखादा विणकर तेलुगूत ‘कोट्टु’ म्हणाला, दुभाष्याने त्याचे ‘मारा’ केले आणि न्यायाधीशाच्या टिपणात ठार मारण्याचा इंग्रजी शब्द पडला, तर कोणाचाही वाईट हेतू नसताना बदडण्याच्या चिथावणीचे खुनाच्या चिथावणीत रूपांतर होते. अशा वेळी जबानीतला इंग्रजी शब्द मराठीत परत आणून त्यावर निकाल देणारा लेखक खरे तर तिसऱ्यांदा भाषांतर करत असतो. त्याने निदान एवढे लिहावे की हा शब्द टिपणातला आहे, बोलणाऱ्याच्या तोंडचा नाही.

जमावाच्या गुन्ह्यात ओळख पटवण्याचा प्रश्न याहून कठीण असतो. भारतीय दंडसंहितेच्या कलम १४९नुसार बेकायदा जमावाच्या समान उद्देशातून, म्हणजे जमाव ज्या एका हेतूने एकत्र आला त्या हेतूच्या पूर्ततेसाठी, एखादा गुन्हा घडला तर जमावातला प्रत्येक सदस्य त्याला जबाबदार ठरू शकत असे, मग त्याने स्वतः दगड उचललेला असो वा नसो. त्यामुळे कोणी मारले हा प्रश्न मागे पडून कोण उपस्थित होते हा प्रश्न पुढे येतो, आणि हजारोंच्या गर्दीत, धुरात आणि धावपळीत एखाद्याला पाहिल्याचे सांगणारा साक्षीदार सहसा त्याच माणसाला ओळखतो जो आधीपासून ओळखीचा असतो. सभेत भाषण करणारा, वृत्तपत्र काढणारा, पेठेत नाव असणारा माणूस गर्दीत चटकन ओळखू येतो. अनोळखी मजुराने काय केले ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. फाशी गेलेल्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते आणि धनशेट्टी हे चळवळीतले परिचित कार्यकर्ते होते, हे लक्षात घेतले की या निरीक्षणाला वजन येते. त्यावरून ते निर्दोष होते असे सिद्ध होत नाही, पण ओळख पटवणाऱ्या साक्षीची तपासणी कुठून सुरू करायची ते मात्र कळते. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मसाल्टी खटल्यात अशा सामूहिक गुन्ह्यांसाठी एक कसोटी सांगितली, ती अशी की आरोपी अनेक असतील तेव्हा दोन-तीन किंवा त्याहून अधिक साक्षीदारांच्या जुळणाऱ्या हकिगतीशिवाय दोषसिद्धी टिकवू नये. साक्षीदारांची संख्या मोजण्याची कायद्यात एरवी गरज नव्हती, कारण १८७२च्या पुरावा कायद्याचे कलम १३४ एखादी गोष्ट सिद्ध करण्यासाठी ठराविक संख्या मागत नव्हते. तरीही जमावाच्या बाबतीत न्यायालयाला संख्येकडे वळावे लागले, यातच एकट्या डोळ्यांवरचा अविश्वास दिसतो.

अशा खटल्यांतला सगळ्यांत अवघड साक्षीदार म्हणजे माफीचा साक्षीदार. गुन्ह्यात स्वतः सामील असल्याचे कबूल करून, सुटकेच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध सांगणारा हा माणूस; त्याची साक्ष महत्त्वाच्या तपशिलांत दुसऱ्या पुराव्याने दुजोरा मिळाल्याशिवाय विश्वासार्ह मानू नये, असे गृहीतक पुरावा कायद्याच्या कलम ११४च्या उदाहरणात सांगितलेले होते. सोलापूरच्या आठ वर्षे आधी, फेब्रुवारी १९२२मध्ये, गोरखपूर जिल्ह्यात चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले आणि २२ पोलीस मेले. २२५ जणांवर खटला चालला, सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी ठोठावली आणि उच्च न्यायालयाने ती १९ जणांपुरती कायम केली. त्या खटल्यात मीर शिकारी हा माफीचा साक्षीदार होता. इतिहासकार शाहिद अमीन यांनी पुढे या घटनेवर जे पुस्तक लिहिले, त्यात या माणसाची साक्ष फेकून दिली नाही आणि मान्यही केली नाही. त्याने वकिलाला हवी तशी गोष्ट रचताना कोणते तपशील नकळत आत येऊ दिले, गावातल्या स्वयंसेवकांच्या भरतीची, जेवणाखाण्याची, नात्यांची कोणती माहिती त्याच्या तोंडून निसटली, हे त्यांनी वेचून काढले. शिक्षा घडवण्यासाठी दिलेली साक्ष मुख्य मुद्द्यावर संशयास्पद असते, पण आडबाजूच्या तपशिलांत ती कधीकधी इतर कोणत्याही कागदापेक्षा प्रामाणिक ठरते, कारण तिथे खोटे बोलून काही मिळणार नसते. सोलापूरच्या खटल्याचे कागद वाचणाऱ्यालाही हा मार्ग मोकळा आहे.

सोलापुरात मात्र शहराची स्वतःची परंपरा न्यायालयाच्या निकालाशी सरळ भांडते. ८ मे रोजी रूपाभवानीपाशी जमाव खवळला तेव्हा कलेक्टर नाईट यांच्या सांगण्यावरून धनशेट्टींनी लोकांना शांत करण्याचा प्रयत्न केला, आणि ज्याने जमाव आवरला त्यालाच पुढे जमावाच्या खुनाबद्दल फाशी मिळाली, ही हकीगत गेल्या ९०हून अधिक वर्षांत तिथे असंख्य वेळा सांगितली गेली आहे. लेखकापुढे इथे दोन मोह असतात, एक परंपरा स्वीकारण्याचा आणि दुसरा दस्तऐवज नाही म्हणून ती बाजूला टाकण्याचा. खरे तर या हकिगतीची कळ तिच्या जागेत आणि वेळेत आहे. रूपाभवानी आणि मंगळवार पेठेची चौकी ही दोन वेगळी ठिकाणे आहेत आणि दोन्ही प्रसंगांच्या मध्ये काही तास गेले. सकाळी जमाव आवरणारा माणूस दुपारी चौकीसमोर असू शकतो किंवा नसूही शकतो, त्यामुळे परंपरा आणि निकाल परस्परविरोधी असलेच पाहिजेत असे नाही. प्रश्न सुटेल तो वेळापत्रकाने, घोषणांनी नाही. शिवाय परंपरेतल्या हकिगतीत एक असा दुवा आहे जो कागदावर तपासता येतो, तो म्हणजे कलेक्टरची विनंती. एखाद्या सरकारी अधिकाऱ्याच्या अहवालात त्याने काँग्रेसच्या कार्यकर्त्याची मदत मागितल्याचा उल्लेख असेल, तर तो त्याच्या स्वतःच्या बाजूचे नुकसान करणारा असतो, आणि हिताविरुद्धच्या अशा कथनाला साक्षीच्या तराजूत जास्त वजन द्यायची प्रथा न्यायालयातही आहे आणि इतिहासातही.

मृतांच्या आकड्यांचा वाद थोडक्यात सांगता येईल, कारण त्याचे तर्कशास्त्र सगळीकडे एकच असते. सरकार मोजते ते रुग्णालयात आणलेले आणि पंचनामा झालेले मृतदेह. अटकेच्या भीतीने ज्यांनी जखमी घरात लपवला, त्यांचा माणूस पुढे मेला तरी तो सरकारी यादीत येत नाही. लोक मोजतात ती नावे, आणि सोलापूरसारख्या शहरात एकाच माणसाला घरचे कन्नड नाव, कारखान्यातले मराठी नाव आणि गल्लीतले टोपणनाव अशी तीन नावे असतील तर तो तीन वेळा मोजला जाऊ शकतो. सरकारी आकडा खालून आणि लोकांचा आकडा वरून बांधलेला असतो, त्यांची सरासरी काढून मध्येच एक संख्या ठरवणे ही फक्त सभ्य दिसणारी गफलत आहे.

जालियनवाला बागेच्या चौकशीत याचा सगळ्यांत बोलका नमुना सापडतो, आणि त्यात एका मराठी माणसाचा हात आहे. १३ एप्रिल १९१९च्या गोळीबारात १,६५० फैरी झाडल्या गेल्या, सरकारने ३७९ मृत सांगितले, काँग्रेसच्या चौकशीने हजाराच्या आसपास. सरकारने नेमलेल्या हंटर समितीचा अहवाल वंशाच्या रेषेवरच दुभंगला. गोऱ्या सदस्यांनी बहुमताचा अहवाल लिहिला आणि चिमणलाल सेटलवाड, पंडित जगतनारायण आणि सुलतान अहमद या तीन हिंदी सदस्यांनी वेगळा. एकाच मेजावरच्या, एकच साक्षी ऐकलेल्या माणसांनी दोन अहवाल दिले, तेव्हा साक्षींत कमतरता नव्हती, फक्त त्या ऐकणाऱ्या कानांत होती. काँग्रेसने नेमलेल्या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. या समितीने सुमारे १,७०० साक्षीदारांच्या हकिगती ऐकल्या आणि त्यांतल्या सुमारे ६५० जबान्या छापल्या. बाकीच्या हजारांपैकी बहुतेक त्याच प्रकारच्या घटनांबद्दलच्या म्हणून गाळल्या, आणि ज्या विधानाच्या खरेपणाबद्दल शंका होती ते अहवालात येऊ दिले नाही. आपल्याच बाजूच्या साक्षीला आपणच इतके कसोशीने तपासण्याचे उदाहरण राजकीय चळवळींच्या इतिहासात फार थोडे आहे, आणि विशेष म्हणजे ते आजही क्वचितच अनुकरणात आलेले दिसते. सोलापूरबद्दल ज्याला लिहायचे आहे त्याने परक्याच्या साक्षीला जी चाळणी लावायची, तीच स्वतःच्या माणसाच्या साक्षीला लावावी, हा त्या समितीचा धडा आहे.

वृत्तपत्रांची साक्ष वाचताना आणखी एक खबरदारी लागते. व्हाइसरॉय आयर्विन यांनी २७ एप्रिल १९३० रोजी वटहुकूम काढून १९१०च्या वृत्तपत्र कायद्याची जाचक कलमे परत आणली, त्यामुळे मराठी पत्रांना जामिनाची रक्कम भरण्याची टांगती तलवार होती, आणि सोलापुरात तर ‘कर्मयोगी’च्या संपादकांना लष्करी न्यायालयाने मोठी शिक्षा ठोठावली. अशा दिवसांत एखाद्या मराठी पत्राने एखादी बातमी छापली नाही, यावरून ती घडली नाही असे मानता येत नाही. आणि मुंबईच्या इंग्रजी पत्रांनी सोलापुरात अराजक माजल्याचे छापले, यावरून ते माजलेच असेही मानता येत नाही, कारण त्या बातम्या शहर सोडून आलेल्या प्रवाशांच्या तोंडच्या असू शकतात. ज्या दिवसांना शहर स्वराज्याचे दिवस म्हणते त्यांना सरकारी कागद दंगलीचे दिवस म्हणतात, आणि या शब्दांच्या निवडीतच दोन्ही पक्षांची साक्ष झालेली असते. लष्करी कायद्याच्या काळात गांधी टोपी घालणाऱ्यांना रस्त्यात अडवून टोपी उतरवायला लावत, ही तक्रार त्या काळच्या अनेक हकिगतींत येते. हे करणे कोणत्या लेखी हुकमावरून झाले हे विचारणे योग्य आहे, पण लेखी हुकूम सापडला नाही म्हणून शिपायाच्या हातातली टोपी नाहीशी होत नाही. सत्तेच्या रोजच्या अपमानाचा हुकूम सहसा लिहिला जात नाही.

त्या वेळच्या सत्तेची कायदेशीर बाजूही तपासली गेली. लष्करी कायद्याखाली झालेल्या शिक्षांबद्दलचा चनाप्पा शांतीरप्पा विरुद्ध बादशहा हा खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेला, आणि तो आजही घटनात्मक कायद्याच्या अभ्यासक्रमात येतो. त्यामुळे सोलापूरबद्दल न्यायालयीन नोंदी दोन वेगळ्या जातींच्या आहेत, एक खुनाच्या खटल्याची आणि दुसरी लष्करी कायद्याच्या वैधतेची. दोन्हींत एकाच शहराचे वर्णन वेगवेगळ्या गरजेतून आले आहे. पहिल्या खटल्यात सरकारला ठराविक माणसांनी ठराविक गुन्हा केल्याचे दाखवायचे होते, दुसऱ्यात शहर इतके हाताबाहेर गेले होते की सैन्याशिवाय गत्यंतर नव्हते असे दाखवायचे होते. गुन्हेगार मोजके होते आणि शहर सगळेच बिथरले होते, ही दोन चित्रे एकत्र बसत नाहीत, आणि या फटीत इतिहासकाराने दिवा धरावा.

या सगळ्यानंतर येतात त्या आठवणी, आणि त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांच्या केंद्रीय योजनेतून निवृत्तिवेतन सुरू झाले, तेव्हा तुरुंगवासाचा दाखला नसेल तर सहबंदी असलेल्या दुसऱ्या कार्यकर्त्याचे प्रमाणपत्र चालत असे. प्रसंगाच्या ४२ किंवा अधिक वर्षांनंतर, आधीच वयस्क झालेल्या माणसांनी एकमेकांना दिलेले दाखले हे सरकारी फायलींत साक्ष म्हणून राहिले, आणि पुढच्या लेखकांनी त्यांना मूळ पुरावा मानले. त्यात लबाडी होती असे सरसकट म्हणणे अन्याय होईल, पण दाखला मिळवण्याच्या नियमाने आठवणीला एक आकार दिला एवढे निश्चित. दुसरीकडे चुकीची आठवणही निरुपयोगी नसते. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटो करारात सामील होण्याच्या विरोधातल्या मोर्चावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात मेला. पुढे गावातल्या लोकांनी त्याचा मृत्यू १९५३च्या कामगार कपातीच्या दंगलीत बसवला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इतिहासकाराने ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही, तर गावाला आपल्या तरुणाचा मृत्यू भाकरीच्या लढ्यात बसवावासा का वाटला, हे शोधले. सोलापुरात ८ मेच्या हकिगतींत जे तपशील पिढ्यांपिढ्या तीव्र होत गेले, त्यांच्याकडे असेच पाहता येईल, मात्र त्यासाठी आधी मूळ तपशील माहीत असावा लागतो. चुकीमागचा अर्थ शोधण्याचा हक्क चूक सिद्ध केल्यावरच मिळतो.

अमेरिकेतल्या एमेट टिल प्रकरणात वादग्रस्त साक्षीची जी किंमत मोजावी लागली, तिची तुलना इथे करण्याजोगी आहे. २८ ऑगस्ट १९५५ रोजी मिसिसिपीत १४ वर्षांच्या या काळ्या मुलाला रात्री घरातून उचलून नेऊन मारले. नात्याने त्याचे आजोबा लागणारे मोज राइट यांनी न्यायालयात उभे राहून नेणाऱ्या माणसांकडे बोट दाखवले, तरी पूर्णपणे गोऱ्या पंचांनी सुमारे तासाभरात आरोपींना निर्दोष सोडले. जानेवारी १९५६मध्ये त्याच आरोपींनी पैसे घेऊन एका मासिकात खुनाची कबुली दिली, आणि ती कबुली पुढची कित्येक दशके या घटनेची प्रमाण हकीगत मानली गेली. तिच्यात मात्र इतर सहभागींना वाचवण्यासाठी घटना एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवलेली होती. धान्याच्या कोठारातून आरडाओरड ऐकल्याचे विली रीड या काळ्या तरुणाने न्यायालयात सांगितले होते, पण विकत घेतलेल्या कबुलीपुढे त्याची शपथपूर्वक साक्ष मागे पडली. २०१७ साली एका इतिहासकाराने, ज्या बाईच्या तक्रारीवरून हे सुरू झाले तिने आपला जबाब खोटा असल्याचे कबूल केल्याचे लिहिले, आणि २०२१मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ते कथन सिद्ध करता येत नसल्याचे सांगून चौकशी बंद केली. पहिली कबुली प्रमाण मानली गेली, कारण तिच्यातला स्वार्थ फारसा कोणी विचारला नव्हता; दुसरी तपासली गेली, तेव्हा ती सिद्धच करता आली नाही.

या अनुभवाची सोलापूरसाठी जी व्यवहारी बाजू आहे ती वाक्यरचनेत उतरते. ‘धनशेट्टी चौकीसमोर होते’ असे लिहिणे आणि ‘खटल्यातल्या अमुक साक्षीदाराने धनशेट्टींना चौकीसमोर पाहिल्याचे शपथेवर सांगितले’ असे लिहिणे यांत वाक्याची लांबी वाढते, वाचकाचा वेग कमी होतो आणि लेखकाच्या गद्याची ऐट उतरते. पण दुसऱ्या वाक्यात सांगणारा, वेळ आणि शपथ तिन्ही हजर असतात. मराठीला ‘म्हणे’ हा एक अव्ययासारखा शब्द मिळाला आहे, आणि बखरकारांपासून घरातल्या आज्जीपर्यंत सर्वांनी तो ऐकीव गोष्टीसाठी वापरला. गंभीर लेखनातून तो बाहेर काढला गेला, हे भाषेचे नुकसान आहे. तसेच ‘खून’, ‘हत्या’, ‘वध’ आणि ‘बलिदान’ या शब्दांत निकाल आधीच दडलेला असतो, त्यामुळे चौकीतल्या शिपायांसाठी ‘ठार झाले’ लिहिणाऱ्याने गोळी लागलेल्यांसाठी ‘हुतात्मा झाले’ लिहिताना, दोन्ही शब्द वेगळ्या मापाने निवडले आहेत याची जाणीव वाचकाला द्यावी. फाशी गेलेल्या चौघांना हुतात्मा म्हणणे योग्यच आहे, शहर त्यांना तसे मानते आणि त्यांनी देहदंड स्वीकारताना जी धीरोदात्तता दाखवली तिची नोंद आहे. फक्त त्या शब्दाने चौकीत मेलेल्या शिपायांचा प्रश्न मिटवला जाऊ नये. त्या शिपायांचे घरवाले, त्यांच्या पेठा आणि त्यांची बोली यांचा माग घेणारे लेखन सहज सापडत नाही.

सोलापूरच्या चार हुतात्मा चौकात चौघांचे पुतळे उभे आहेत, आणि दरवर्षी १२ जानेवारीला तिथे हार घातले जातात. ही संख्या शहराने निवडलेली नाही, ती सरकारी वकिलाच्या आरोपपत्रातून आणि न्यायालयाच्या निकालातून आलेली आहे. ८ मे रोजी गोळीने पडलेल्या शंकर शिवदारे यांना सोलापुरातला पहिला हुतात्मा म्हणून ओळखतात; त्यांच्यावर कोणताही खटला चालला नाही, म्हणून त्यांच्याबद्दल जबानी नाही, उलटतपासणी नाही, अपील नाही. चौकातल्या चारांत ते नाहीत.